शेऱ्याचा रकाना

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना मॉरिशसचे एक गृहस्थ किन्हवलीला मला भेटायला आले होते. आसनगावला लोकलमधून उतरून, शहापूर गाठून, पुढे एसटीच्या खिडकीत धूळ खात ते आले. वय साठीच्या पुढचे, बोलण्यावर फ्रेंच वळणाची छाप. पण मधूनच एखादा मराठी शब्द असा निघे की ऐकणाऱ्याने चपापून वर पाहावे. 'आजा', 'वरवंटा', 'न्याहारी'. पणजोबांचे गाव शोधायला आलो आहे, असे त्यांनी सांगितले आणि पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्या, म्हणजे करारबद्ध, मजुरांची जुनी दप्तरे जतन केलेली आहेत. त्या दप्तरातील एका नोंदीची ती प्रत होती. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय २२, उंची फूट-इंचांत, जात, अंगावरची खूण, जहाज, उतरल्याची तारीख, ज्या मळ्यावर पाठवले त्याचे नाव. डाव्या हातावर कोपराखाली व्रण होता, हेही लिहिलेले. एवढा काटेकोरपणा असूनही गावाच्या रकान्यात मात्र कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरवले होते. त्या अक्षरांतून किन्हवली निघे, तशी किनवलीही निघे, आणि जरा ओढूनताणून वाचले तर कुडवलीसुद्धा.

शोध लागणार नाही, हे मला पाच मिनिटांत कळले होते. पण इतक्या दुरून आलेल्या माणसाला ते सांगणे जड जाते. त्यांच्या पणजोबांना आडनाव नव्हते. तिकडे बापाचे नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले, त्यामुळे आडनावावरून भावकी जुळवण्याची वाट मुळातच बंद. तरी आम्ही गावठाणात फिरलो, देवळात गेलो, दोन वृद्धांना भेटलो. शेवटी ते म्हणाले, “गुरुजी, शाळेची जुनी पुस्तके बघू या का?” मी जनरल रजिस्टर आणि काही जुने हजेरीपट काढून दिले. उपयोग होणार नव्हता; आमची सर्वांत जुनी नोंदसुद्धा त्यांच्या जहाजानंतर कित्येक दशकांनी सुरू होते. ते सावकाश पाने उलटत राहिले, आणि एका हजेरीपटावर थांबले. पौषाच्या सुमारास अकरा नावांवर तांबड्या शाईच्या रेघा होत्या. त्यांनी विचारले, “ही मुले वारली का?”

“नाही,” मी म्हणालो, “वीटभट्टीवर गेली.”

त्या उत्तरानंतर मला जे सुचत गेले, ते वाचकांसमोर मांडावे असे अनेक दिवस मनात आहे.

युरोपातून अमेरिकेकडे शिडाच्या जहाजांनी गेलेल्या माणसांच्या कथा आपण पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रपटांतून ओळखतो. पाच-सहा आठवडे तळाच्या कोंदट भागात काढायचे, तापाने आणि अतिसाराने मेलेल्याला समुद्रात सोडायचे, उरलेल्यांनी पलीकडच्या किनाऱ्यावर नवे नाव घेऊन उभे राहायचे. आयर्लंडच्या दुष्काळात १८४७ साली कॅनडाच्या वाटेवर निघालेल्या जहाजांना लोक शवपेटीच म्हणत. क्वेबेकजवळच्या ग्रोस आइल या बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. त्याही आधी, अठराव्या शतकात, भाड्याचे पैसे नसलेली जर्मन कुटुंबे प्रवासखर्च फिटेपर्यंत पलीकडे कुणाच्या तरी घरी वा शेतावर राबण्याच्या करारावर जात असत. म्हणजे आधी प्रवास आणि मग आयुष्याची काही वर्षे गहाण, ही रीत गोऱ्या माणसांनी आपल्याच माणसांवर आधी वापरून पाहिलेली होती.

तीच रीत नंतर हिंदी महासागरात आली. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे मात्र तसेच उभे होते. त्याच्या तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या लहानशा बेटावर उतरली. ज्या घाटावर ती उतरत, त्याच्या सोळा पायऱ्या आजही आहेत. २००६ साली ते स्थान 'आप्रवासी घाट' या नावाने जागतिक वारशाच्या यादीत गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या कलकत्ता आणि मद्रासच्या तुलनेने थोडी. त्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसे अधिक. आज तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणातल्या जाखडीची पोटची म्हणावी अशी 'झाकरी' तिथली मराठी मंडळी नाचतात. पाहुण्यांनी आमच्या ओसरीवर बसून तिच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. शब्द निम्मे विरले होते, ठेका शाबूत होता.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा. कागदावर हे वाईट दिसत नाही. खरी गोम हिशोबात होती. मॉरिशसच्या कायद्याने मळेवाल्याला अशी मुभा दिली होती की मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापावी. महिनाभर राबून वर मालकाचेच देणे लागणारा मजूर त्या गणितातून जन्माला येई. साथीचे म्हणाल तर अटलांटिकचे ग्रोस आइल इथेही होते. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी निघाली, तेव्हा उतारूंना गाब्रिएल नावाच्या उजाड बेटावर सोडण्यात आले आणि त्यांतले दोनशेहून अधिक तिथेच मेले. हिंदुस्थान सरकारला काही काळ ही वाहतूक थांबवावी लागली. पुढे या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेला माणूस. १९१२ साली ही पद्धत सर्वत्र बंद करावी असा ठराव त्यांनी मांडला. तो फेटाळला गेला. पद्धतीला मूठमाती मिळाली ती पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, गोखले जाऊन दोन वर्षे झाल्यावर.

हे सारे पाहुण्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. त्यांना ठाऊक नव्हती ती आमची वीटभट्टी.

आमच्या शहापूर-मुरबाड भागातली कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, पडघ्याच्या बाजूला भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. जाण्याआधी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. भाताची लावणी संपते, हाताला काम नसते, घरात आजारपण किंवा लग्न असते. तेवढ्यासाठी घेतलेले पैसे हंगामभर फेडायचे. आठवड्याला खर्ची मिळते, तीही हिशोबात धरली जाते. नवरा-बायको पहाटे गारा तुडवतात आणि दिवसभर साच्यातून विटा पाडतात. लहान मुले सुकणाऱ्या विटा उलटतात. हंगामअखेर हिशोब होतो, आणि पुष्कळदा हाती पैसे येण्याऐवजी अंगावर बाकी निघते. ती पुढच्या हंगामावर टाकली जाते. उसाच्या मळ्यात 'दुहेरी कपात' म्हणत, आमच्याकडे त्याला 'बाकी' म्हणतात.

या गोष्टीविरुद्ध आमच्या जिल्ह्यात कुणी बोललेच नाही, असे नाही. १९४५ च्या जानेवारीत आमच्याच रेल्वेमार्गावरच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथून परतलेल्या वारल्यांनी सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर त्याच वर्षी जमीनदारांची वेठ झुगारली. लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्या माणसाला तेव्हा 'लग्नगडी' म्हणत. तो शब्द आता ऐकू येत नाही. वेठबिगार संपवणारा केंद्राचा कायदाही १९७६ पासून आहे. तरीही मुकादमाची वही गेलेली नाही, आणि ती मी स्वतः पाहिली आहे.

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. हजेरी क्रमांक १७. अक्षर गोल, पाढे तोंडपाठ. दिवाळीच्या सुटीनंतर ती आली नाही. मी काही आठवडे 'गैर' मांडली. मग पट तपासणीच्या आधी, सतत गैरहजर असलेल्या मुलांची नावे कमी करावीत अशी तोंडी सूचना आली, तेव्हा तांबडी शाई घेऊन इतर दहा नावांबरोबर तिच्याही नावावर रेघ ओढली. कुणी माझा हात धरला नव्हता. पट नीटनेटका दिसावा, ही इच्छा सूचना देणाऱ्याइतकीच माझीही होती.

फेब्रुवारीत एका रविवारी पडघ्याच्या पुढे काही कामासाठी गेलो असता तिचा बाप रस्त्यात भेटला. भोंग्यावर घेऊन गेला. विटांचे कोरडे थर रचून, वर पेंढा टाकून केलेली कमरेएवढी झोपडी म्हणजे भोंगा. आत जायला वाकावे लागते. मुलगी आत तापाने पडली होती. उचल किती, फेडले किती, हे बापाला सांगता येईना, तेव्हा मी मुकादमाला वही दाखवायला सांगितली. त्याने आढेवेढे न घेता दाखवली. तारीखवार सारे लिहिलेले होते: खर्ची, तेल, मीठ, सुकट. आणि एके ठिकाणी, मुलीचे नाव घालून, 'ताप, औषध', पुढे रक्कम.

त्या दिवशी त्या मुलीची नोंद जगात एकाच ठिकाणी होती, आणि ती तिच्या बापाच्या कर्जाच्या वहीत होती.

जून महिन्यात ती परत आली. पहिल्या दिवशी मी हजेरी घेत १७ वर आलो, तेव्हा दोन आवाज एकदम उठले, “हजर.” तो क्रमांक मी दुसऱ्या मुलाला दिलेला होता. ती मुलगी गोंधळून उभीच राहिली. मी तिचे नाव पटाच्या तळाशी पुन्हा लिहिले, पण त्या वर्षी तिने क्रमांक विचारल्यावर कधी मोठ्याने उत्तर दिले नाही.

मॉरिशसच्या दप्तराकडे पाहताना हे सारे मला आठवले. ते दप्तर काही प्रेमाने लिहिलेले नाही. पळालेला मजूर धरून आणता यावा म्हणून त्यांनी उंची मोजली, व्रण लिहिले, १८६० च्या दशकात तर छायाचित्रेही काढली. ज्याला माणसाच्या श्रमातून लाभ होतो तो माणसाची नोंद चोख ठेवतो; मळेवाल्याने ठेवली, मुकादम ठेवतो. ज्याचे कर्तव्य केवळ त्या माणसाचे हित पाहणे एवढेच, त्याच्या हातून मात्र नोंद सुटते, कारण सुटल्याने त्याचे स्वतःचे काही बिघडत नाही. मी दुसऱ्या वर्गात मोडतो. मळेवाल्याच्या संशयापायी एका पणतूला पणजोबांचा व्रण कळला. माझ्या नीटनेटकेपणापायी त्या अकरा मुलांपैकी सात जण कुठे गेले, हे मला आज सांगता येत नाही.

पुढे पुष्कळ बदलले, हे नाकारता येणार नाही. वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर 'विधायक संसद' या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. हंगामी वसतिगृहे निघाली. दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवून बसता यावे म्हणून मुलांच्या हाती शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आली. ते पत्रक तापात, पावसात, बिऱ्हाडाच्या ओढाताणीत किती दिवस टिकते, हा प्रश्न आहे. पण ते आहे, हेही खरे.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना कागदाची एक प्रत त्यांनी माझ्याकडे ठेवली, गावाचा माग लागलाच तर कळवा म्हणून. लागला नाही. कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आमच्या भागात आज शिकवणाऱ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. दिवाळीनंतर मूल वर्गात दिसले नाही, तर शेऱ्याच्या रकान्यात 'स्थलांतरित' एवढे लिहून थांबू नका. कोणत्या गावच्या भट्टीवर, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या तारखेला गेले, हे विचारा आणि लिहून ठेवा. बारीक अक्षरात लिहिले तर तेवढे सारे त्या रकान्यात बसते. मी नंतरची सगळी वर्षे लिहून पाहिले आहे.