हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

परवा पहाटे क्युपर्टिनोहून सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर जायचं होतं. अ‍ॅपमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा पर्याय दिसला, तो निवडला आणि उगाचच बरं वाटलं. चालक जालंधरकडचे निघाले. हिंदीत गप्पा सुरू झाल्या. राहतात ट्रेसीला, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, आणि तिथे चार्जर नाही. मग रोज दुकानांच्या पार्किंगमधल्या फास्ट चार्जरवर पाऊण तास जातो, रांग असली तर जास्त. "उस टाइम का पैसा कौन देगा, भाईसाब?"

कोणीच नाही. 2020 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन 22' मंजूर केलं. त्यानुसार हे चालक स्वतंत्र कंत्राटदार ठरले, आणि किमान कमाईची हमी फक्त फेरी स्वीकारल्यापासून ती संपेपर्यंतच्या वेळेची. चार्जरपाशी घालवलेला वेळ त्यात बसत नाही. पुढे 2021 मध्ये राज्याच्या हवा मंडळाने नियम केला की 2030 पर्यंत उबर-लिफ्टच्या एकूण मैलांपैकी 90 टक्के मैल विजेवर धावले पाहिजेत. नियम कंपन्यांना आहे, पण गाड्या कंपन्यांच्या आहेत कुठे? हप्ता, विमा, टायर, सगळं चालकाच्या खिशातून.

नियम चुकीचा आहे असं मला वाटत नाही. अशी गाडी दिवसभर पळते, कितीतरी वेळा रिकामीच. ती विजेवर आली की आपल्यासारख्यांच्या दोन-तीन गाड्या बदलल्याइतका फरक पडतो. प्रश्न पुण्य कोणाच्या खर्चाने पडतंय हा आहे. माझी गाडी रात्री गॅरेजमध्ये स्वस्त दरात चार्ज होते, मी झोपलेला असतो. फास्ट चार्जरची वीज त्याहून बरीच महाग. मी 2023 मध्ये गाडी घेतली तेव्हा केंद्राची 7,500 डॉलरची करसवलत पूर्ण मिळाली, कारण तेवढा कर मी भरत होतो. ज्याचा कर कमी, त्याला त्या वर्षी सवलतही कमी. सप्टेंबर 2025 अखेर तर ती बंदच झाली.

"प्रोत्साहन आहे, सक्ती नाही," असं एक मित्र म्हणतो. चांगला मुद्दा, पण गॅरेजवाल्याला सुचणारा. मुंबईत टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या तेव्हा हवा सुधारल्याचं कौतुक आपण केलं आणि पंपावरच्या लांब रांगेत चालक उभे राहिले. इथला मूळ कायदा 2018 चा. कमी उत्पन्नाच्या चालकांना झळ कमीत कमी बसावी असं त्यातच लिहिलंय. मग चार्जिंगच्या वेळेचे पैसे कंपनीने द्यावेत, भाड्याच्या इमारतींत चार्जर यावेत, आणि इलेक्ट्रिक गाडी मागवणाऱ्या माझ्यासारख्याने दोन डॉलर जास्त मोजावेत. यातलं शेवटचं आपल्या हातात आहे, आणि नेमकं तेच कोणी काढत नाही.

विमानतळावर उतरताना नेहमीपेक्षा जास्त टिप टाकली. त्यांचं लक्ष बॅटरीच्या आकड्याकडे होतं. 22 टक्के. परतीची फेरी आलेली त्यांनी नाकारली आणि मिलब्रेच्या चार्जरकडे गाडी वळवली.