यादवीतले शौर्य आणि अर्जुनाचा प्रश्न

समोर आपलीच माणसे उभी असताना शस्त्र उचलावे का, हा यादवी युद्धातल्या सैनिकाचा पेच भारतीय परंपरेत अर्जुनाच्या नावावर आहे. बीड जिल्ह्याला तो परका नाही. तिथल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) याच पेचातून सुरू होणाऱ्या गीतेवर ‘गीतार्णव’ ही सुमारे सव्वा लाख ओव्यांची टीका लिहिली.

अलीकडच्या काळात हा पेच मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या चरित्रात दिसतो. १९४६ साली मुंबईत तमिळ कुटुंबात जन्मलेले परमेश्वरन ८ महार बटालियनचे अधिकारी होते. जुलै १९८७च्या करारानंतर श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेची ऑक्टोबरात तिथल्या तमिळ बंडखोरांशी, म्हणजे तमिळ वाघांशीच, लढाई जुंपली. २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. परमेश्वरन यांनी वळसा घालून हल्लेखोरांना मागून गाठले. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

गीता अशा वेळी स्वधर्माकडे बोट दाखवते आणि फळाची आसक्ती सोडायला सांगते. मात्र तिथला क्षात्रधर्म वर्णाने ठरतो. परमेश्वरन यांचा स्वेच्छेने पत्करलेला होता. ज्या महार समाजाला इंग्रजांनी ‘लढवय्या’ मानायचे नाकारून सैन्याची दारे बंद केली, त्याच्या नावाची रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, हेही इथे विसरता येत नाही.

त्या रेजिमेंटसाठी आग्रह धरणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये दुसरा नायक रंगवला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी, म्हणजे आप्तांशीच, युद्ध ठरवले. सिद्धार्थाने शाक्य संघाच्या सभेत विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. गीतेचे आणि सिद्धार्थाचे ही दोन उत्तरे परस्परविरोधी मानली जातात, पण ती दोन वेगळ्या वेळांची आहेत. सिद्धार्थ निर्णय होत असताना बोलतो. अर्जुनाला शंका येते तेव्हा शंख फुंकून झालेले असतात. युद्ध न्याय्य आहे की नाही, याचा जाब सभेने द्यायचा असतो. सैनिकावर आपल्या वर्तनाची जबाबदारी उरते: निःशस्त्राला अभय देणे, सोबत्यांना न सोडणे. बेकायदा हुकूम झाला, तर मात्र ही विभागणी त्यालाही वाचवत नाही.

शांतिसेना सुमारे बाराशे जवान गमावून मार्च १९९०मध्ये परतली. श्रीलंकेतली यादवी २००९पर्यंत चालली. शांतिसेनेची मोहीम शहाणपणाची होती का, यावर मतभेद आहेत. परमवीर चक्राच्या निकषांत मोहिमेच्या यशापयशाचा विचार नाही, शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याचा किंवा आत्मत्यागाचा आहे.