वाकडी चाल

रात्रीची जेवणे उरकली की हल्ली मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळत बसतो. समोर कोण आहे ते ठाऊक नसते. दिसतो तो फक्त त्याच्या बळाचा आकडा. परवा माझ्याहून ४०० गुणांनी वरचढ असा गडी वाट्याला आला. आर्पाड एलो यांच्या गणिताने पाहिले, तर अशा माणसाशी ११ डाव खेळावे तेव्हा कुठे आपल्या पदरी एक गुण पडावा! त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. मी मात्र पटाच्या मध्याकडे ढुंकूनही न पाहता वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर पुढे केले.

शेजारी बसलेली नात म्हणाली, “आजोबा, ही कसली चाल?”

“त्याच्या पुस्तकात नसलेली,” मी ऐटीत म्हणालो. “पाठ केलेले सारे आता फुकट!”

“आणि हरलात, तर म्हणाल, मी मुद्दामच तशी चाल केली होती. हो ना?”

डाव मी हरलो. त्याचे काही वाटले नाही; पोरीचे बोलणे मात्र मनातून जाईना.

ही चाल माझ्या पदरची नव्हे. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा गावी, युरोपीय सांघिक स्पर्धेत, इंग्लंडच्या टोनी माइल्स यांनी ती प्रत्यक्ष जगज्जेत्या अनातोली कार्पोव्ह यांच्यापुढे केली. लगेच घोड्यापुढचे प्यादेही दोन घरे नेले. मध्य प्रतिपक्षाला देऊन टाकायचा आणि मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवून दुरून त्यावर नेम धरायचा, असा तो बेत. शास्त्राच्या दृष्टीने हा पोरखेळच. पण ४६ चालींत कार्पोव्ह हरले.

बलवानाला त्याच्या ओळखीच्या वाटेवरच गाठले पाहिजे, असे काही बंधन नाही. यात फसवणूकही नाही. पट दोघांपुढे सारखाच उघडा असतो. मग माइल्स यांचे धाडस आणि माझी ऐट यांत अंतर कोणते? पहिली चाल तर दोघांचीही एकच.

अंतर पुढच्या चालींत आहे. आडवाटेला शिरले की प्रतिपक्षाची तयारी वाया जाते, तशी आपलीही जाते. त्या रानात माइल्स स्वतःच्या पायांनी शेवटपर्यंत चालले. मी पहिल्याच चालीत पराभवाची सबब लिहून ठेवली आणि मग निर्धास्तपणे वाटेल तसा खेळलो. मैफलीत सूर लावण्याआधीच ‘आज घसा जरा बसला आहे’ म्हणणारा गवई, किंवा परीक्षेच्या सकाळी ‘मी काही वाचलेच नाही’ असे मित्रांना बजावणारा मुलगा, ही माझीच भावंडे. आम्ही कोणी दुसऱ्याशी खोटे वागत नाही. आमचे खोटे वागणे स्वतःशी असते. हार पत्करायला आम्ही तयार असतो. पण सारे बळ लावूनही हरलो, हे आम्हांला सोसत नाही.

काल पुन्हा तसाच एक तगडा गडी भेटला. मी पुन्हा तेच प्यादे एक घर सरकवले आणि पुढची प्रत्येक चाल घाम गाळून केली.

“काय झाले, आजोबा?”

“हरलो. बाविसाव्या चालीला माझा घोडा चुकला.”

“दाखवा बघू,” म्हणत ती जवळ सरकली.