वाचकाचा एकांत आणि यजमानाचे वचन

वाचनव्यवहाराची चर्चा करताना आपली समीक्षा लेखक, संहिता आणि वाचक या त्रयीपाशी येऊन थांबते. संहिता वाचकाच्या हाती देणारा जो चौथा, म्हणजे ग्रंथपाल, ग्रंथविक्रेता किंवा आता संकेतस्थळ चालवणारा, तो केवळ साधनभूत आहे असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः कोणी काय वाचले हे त्या चौथ्यालाच ठाऊक असते. म्हणून त्याच्या नीतीचा प्रश्न हा वाचनाच्या स्वरूपाचाच प्रश्न ठरतो, असे मला म्हणावयाचे आहे. वाचककेंद्री समीक्षेने वाचकाला सिंहासनावर बसवले खरे. तो कोणाच्या नजरेखाली वाचतो आहे, हे मात्र तिने फारसे विचारले नाही.

हा प्रश्न मला सिद्धान्तातून सुचलेला नाही. आमच्या विभागाने बंद पडलेल्या काही वाङ्मयीन नियतकालिकांचे अंक संकेतस्थळावर खुले केले. ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने एके दिवशी मोठ्या कौतुकाने मला त्याच्या नोंदी दाखवल्या : कोठून, किती वाजता, कोणते पान उघडले गेले. कोणी एक वाचक वसतिगृहातून रात्री दोनच्या सुमारास एकच कथा पुन्हा पुन्हा उघडत होता. कथा दोन पुरुषांमधील प्रेमाची होती. नोंदीत नाव नव्हते. परंतु त्या अंकाची चौकशी माझ्याकडे एकाच विद्यार्थ्याने केली होती. मला जे कळले ते कळण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पूर्वी ग्रंथालयातल्या पुस्तकामागील कार्डावर आधीच्या वाचकांची नावे असत आणि ती वाचण्यात आम्हांला गंमत वाटे, हे येथे कबूल केले पाहिजे. पण ते कार्ड पुस्तकासोबत फिरे आणि मागाहून येणारा वाचकच ते पाही. या नव्या नोंदी वाचकाला स्वतःला कधी दिसतही नाहीत.

नोंदीच ठेवू नयेत, हे यावरचे सहज सुचणारे उत्तर. अमेरिकेत २००१च्या पेट्रिअट कायद्याने गुप्त न्यायालयाच्या आदेशावरून ग्रंथालयीन नोंदीही मागवण्याची मुभा तपासयंत्रणेला दिली आणि अशी मागणी झाल्याचे उघड करण्यास ग्रंथपालाला मनाई केली. त्यावर कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००३ मध्ये वाचकांविषयीचे कागद रोजच्या रोज नष्ट करण्यास आरंभ केला, आणि तुमच्या वाचनाची नोंद सरकार मागू शकते, अशी सूचनाही लावली. मला त्या नष्ट केलेल्या कागदांपेक्षा ती सूचना अधिक महत्त्वाची वाटते.

कारण उघड आहे. नोंद न ठेवण्याचे वचन देणारा यजमान ज्या यंत्रावर विसंबतो ते यंत्रच फितूर असेल, तर त्याच्या सदिच्छेचे काय मोल? केन टॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, एखादी आज्ञावली ओळीगणिक तपासूनही तिच्यातील चोरवाट सापडणार नाही, अशी व्यवस्था करता येते. चोरवाट आज्ञावलीच्या मूळ पाठात नसतेच. त्या पाठाचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा जो कंपायलर, तो ती घालतो. कंपायलरचा निर्दोष पाठ घेऊन तो नव्याने घडवावा, तर घडवण्याचे काम जुन्याच कंपायलरकडून होते आणि तो नव्यातही ती खोड पेरून ठेवतो. एखाद्या भाषांतरकाराने प्रत्येक ग्रंथात एक वाक्य घुसडावे आणि आपल्या शिष्यालाही तीच विद्या द्यावी, मूळ ग्रंथ मात्र निष्कलंक राहावा, तसे हे आहे. सारे काही संहितेतच सापडते, या श्रद्धेवर वाढलेल्या आमच्यासारख्या सूक्ष्मवाचकांना याहून मोठा तडाखा क्वचितच कोणी दिला असेल.

यंत्राच्या घडणीबाबत तर संशयालाही जागा उरलेली नाही. परदेशी निघालेले राउटर वाटेत अडवून, त्यांत हेरगिरीची साधने बसवून, खोकी पूर्ववत बंद करून पाठवली जात, हे एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून २०१४ मध्ये जगासमोर आले. क्रिप्टो एजी या स्विस कंपनीची गुप्तलेखनाची यंत्रे भारतासह अनेक देशांची सरकारे वापरीत. ती कंपनी १९७० मध्ये अमेरिकन आणि पश्चिम जर्मन हेरखात्यांनी गुपचूप विकत घेतली होती, हे २०२० मध्ये उजेडात आले. जेथे सरकारे फसली, तेथे एका विद्यापीठीय विभागाची काय कथा!

मग वचन द्यावेच कशाला, असा प्रश्न येतो. माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. फितूर यंत्राने माझ्या नकळत केलेली चोरी ही माझी असमर्थता आहे. माझ्या नोंदवहीत मी जे साठवले, ती माझी कृती आहे. ‘आपली माहिती संपूर्ण सुरक्षित आहे’ असे छापणारा यजमान मात्र, पुढे काहीही फुटले नाही तरी, खोटेच बोलतो. कारण जे जाणणे त्याला शक्य नाही त्याची तो ग्वाही देतो. निरपराध्याने भिण्याचे कारण काय, या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही. रात्री दोन वाजता तो विद्यार्थी कोणता अपराध करीत होता?

अडचण निराळीच निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२२च्या एप्रिलमध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा निर्देश काढला. सेवा देणाऱ्या संस्था, कंपन्या, शासकीय संस्था यांना तो लागू आहे, आणि आम्हांलाही तो लागू होतो असा सल्ला मिळाला. म्हणजे पुसून टाकण्याचा सुटसुटीत मार्ग बंद झाला. आता नोंदी कुलूपबंद राहतात, मुदत संपताच जातात, आणि पहिल्याच पानावर तसे साध्या मराठीत लिहिले आहे. यंत्राची हमी आम्ही देऊ शकत नाही, हेही.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ही सूचना पसंत नव्हती. घाबरून कोणी वाचणारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही. सूचना लागल्यावर रात्रीचे वाचन घटले का, असे त्यांनी परवा विचारले. ते पाहण्याची मुभा विभागात आता कोणालाच नाही, मलाही नाही, एवढेच मी त्यांना सांगितले.