हळद कुठवर पोहोचते

आज मनन हळदीवर करायचं आहे. घाई नाही. दोन लहान काचेच्या वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत कोमट, पातळ झालेलं तूप. मिसळणाच्या डब्यातली चिमूट-चिमूट हळद दोन्हींत घाला, ढवळा आणि नुसतं पाहत राहा.

पाणी आधी गढूळ पिवळं होतं. मग हळूहळू हळद तळाशी बसते. तुपातही चोथा खाली बसतो, पण वरचं तूप स्वतःच रंगलेलं असतं. त्यात बोट बुडवलंत तर नखाच्या कडेला पिवळेपणा धरून राहतो. या दोन वाट्यांमधल्या फरकावर जरा रेंगाळा. आज पुढे जे काही आहे, ते बरंचसं यातूनच निघतं.

हळदीचा रंग करक्युमिन नावाच्या द्रव्याचा. 1815 मध्ये ते प्रथम वेगळं काढलं गेलं. वाळलेल्या हळदीत ते साधारण 3 टक्के असतं आणि पाण्याशी त्याचं अजिबात जमत नाही. आपल्या आतड्यातला रस आणि रक्त मात्र बहुतांशी पाणीच.

आता त्या चिमटीच्या मागोमाग मनाने पोटात उतरा. बहुतेक हळद न विरघळताच पुढे सरकते. जे थोडंथोडकं आतड्याच्या भिंतीत शिरतं, त्याला तिथेच गाठलं जातं. उरलेल्याला यकृत गाठतं. दोन्हीकडे एकच उद्योग चालतो: करक्युमिनला ग्लुक्युरॉनिक आम्लाचा तुकडा जोडायचा, म्हणजे ते पाण्यात विरघळेल आणि बाहेर टाकता येईल. मूळ रूपातलं करक्युमिन रक्तात जवळजवळ सापडतच नाही.

1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम करक्युमिन दिलं. रक्तात नाव घेण्याजोगं काही दिसलं नाही. मग त्यासोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, म्हणजे मिऱ्याचा तिखटपणा ज्यात असतो ते द्रव्य. करक्युमिनची उपलब्धता वीस पटींनी वाढली. हा आकडा पुढे असंख्य डब्यांवर छापला गेला. पण जवळजवळ शून्याची वीसपट किती होते, हेही मनात घोळवा. आणि 2 ग्रॅम करक्युमिन म्हणजे हळद किती? 60-70 ग्रॅम. वरणात आपण एवढी कधी घालत नाही.

आता दुसरीकडे वळू. वैद्याने चूर्णाची पुडी दिली की पहिला प्रश्न असतो, ‘कशातून घेऊ?’ मधातून, तुपातून, कोमट पाण्यातून, दुधातून. हेच अनुपान. औषधी तूप सिद्ध करताना कल्क, म्हणजे वनस्पतीचा वाटलेला गोळा, एक भाग, तूप चार आणि द्रव सोळा भाग घेतात आणि पाणी आटेपर्यंत मंद आचेवर शिजवतात. वनस्पतीतलं जे तेला-तुपात उतरतं ते असं उतरवून घ्यायचं. तुमच्या दुसऱ्या वाटीत याचीच अगदी छोटी सुरुवात झाली होती.

इथे ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणायची उबळ येते. येऊ द्या, जाऊ द्या.

1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांच्या लक्षात आलं की फॉस्फोलिपिड नावाचं स्निग्ध द्रव्य पाण्यात घातलं की त्याचे रेणू आपणहून रांगा लावतात: पाणी आवडणारं टोक बाहेर, स्निग्ध शेपट्या आत. पापुद्र्याच्या सूक्ष्म पिशव्या तयार होतात, त्याच लायपोसोम. करक्युमिनसारखं द्रव्य त्या पापुद्र्यात दडवून पाण्यातून नेता येतं. सोयाबीनमधल्या फॉस्फोलिपिडशी करक्युमिन बांधलेल्या कॅप्सूल आज दुकानात मिळतात. हे काम सुरेख आहे आणि त्याचं कौतुक करताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही.

तरी सगळ्यात जास्त वेळ पुढच्या गोष्टीला द्या. मिरी काय करते? ती करक्युमिनला उचलून आत नेत नाही. तुकडे जोडणाऱ्या विकरांचे हात ती काही काळ बांधून ठेवते. शरीराच्या दाराशी उभा असलेला राखणदार ती गप्प बसवते. मग आत काय काय शिरेल हे फक्त हळदीवर अवलंबून राहत नाही. जम्मूच्या प्रयोगशाळेत सुंठ, मिरे, पिंपळी या त्रिकटूवर काम करणाऱ्यांनी याचाच उपयोग करून घेतला. 2009 मध्ये भारतात क्षयरोगावरची एक गोळी आली, तिच्यात मिरी-पिंपळीतलं पिपेरिन घातल्यामुळे रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाची मात्रा नेहमीच्या 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम ठेवता आली. जुनी पिंपळी नव्या औषधाचं वाहन झाली, ती मोजूनमापून आणि तपासण्या करून.

पण फिट्सवर घेतलेली फेनिटॉइनची गोळी किंवा रक्तदाबासाठीची प्रोप्रॅनोलॉल हीसुद्धा त्याच दारातून जाते. तिथे कुणी मोजत नसतं.

गेल्या काही वर्षांत इटली आणि अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदवली गेली. 2022 च्या एका अमेरिकी अहवालात अशा दहा रुग्णांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार आढळला. प्रकरणं थोडी आहेत. घाबरून हळदीचा डबा लपवायची गरज नाही. फक्त एवढं मनात धरून बसा: ‘हजारो वर्षं खातोय, काही झालं नाही’ हा अनुभव कोणत्या हळदीचा? फोडणीतल्या, बहुतांशी न शोषल्या जाणाऱ्या हळदीचा. ती आत पोहोचत नव्हती, त्यातही थोडी सुरक्षितता असेल का? वाहन बदललं की तो जुना दाखला तसाच्या तसा सोबत येत नाही. नव्या कॅप्सूलला आपली परीक्षा नव्याने द्यावी लागते.

शेवटी एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘आणखी कुठलं औषध चालू आहे?’ पिशवीत ‘शोषण वाढवणारी’ अशी जाहिरात केलेली, मिरीयुक्त हळदीची बाटली आहे. आजोबा म्हणतात, ‘नाही हो, काही नाही.’ शेजारी तुम्ही बसला आहात. बाटली काढून टेबलावर ठेवा.