सीमेवरची सवड

दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनपासून संदकफूपर्यंतची ३१ किलोमीटरची वाट बरीचशी भारत-नेपाळ सीमेलगतच चढत जाते. सिंगालीलाची ही डोंगरधार. वाटेच्या कडेला गुडघ्याएवढे पांढरे सीमास्तंभ. कुंपण नाही, तारा नाहीत. डावीकडे नेपाळचा इलाम जिल्हा, उजवीकडे आपला दार्जिलिंग.

ट्रेकचे बरेच गट वाटेतल्या टुमलिंगहून निघून एका दमात कालीपोखरी गाठतात. आम्ही त्या दिवशी गैरीबासलाच मुक्काम करायचं ठरवलं होतं, म्हणजे निम्मीच चाल. मधलं जौबारी नेपाळात. तिथे मोबाइलचं घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे गेलं. पण पोचायची घाई नव्हती, म्हणून एका घराच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसलो. चुलीवर, धुराच्या वाटेत, दोरीत ओवलेली छुर्पी वाळत होती. याकच्या दुधाचं हे चीज इतकं टणक, की चावायला जायचंच नाही. गालात धरून ठेवायचं, बऱ्याच वेळाने ते मऊ होतं.

घरच्या दिदीने चहा दिला आणि विचारपूस सुरू केली. गाव कुठलं, आई-वडील आहेत का, मुलं किती, एवढ्या लांब चालत आलात तर पाय दुखतात का. ओळखपत्र तिने मागितलं नाही. ते पुढे गैरीबासला सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने तपासलं, वहीत नावं लिहून घेतली. ते त्याचं काम आणि ते हवंच. पण दिदीने मला आधी पाहुणा मानलं, परदेशी नंतर.

सीमेवरची ही मोकळीक आभाळातून पडलेली नाही. सीमा ठरली ती १८१६ च्या सुगौली तहानंतर, म्हणजे लढाई करून. पुढे १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारातल्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, व्यापाराची, ये-जा करण्याची मुभा दिली. मी व्हिसाशिवाय जौबारीत चहा पीत होतो तो या मुभेमुळे. आणि याच मुभेने पश्चिम नेपाळातली माणसं दिवाळीनंतर रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत येतात. हे मला त्या चुलीपाशी बसल्यावर पहिल्यांदा नीट उमगलं. चालत राहिलो असतो तर उमगलं नसतं, असं मला खात्रीने वाटतं.

मोहोर आल्यापासून पेटी भरेपर्यंतचा आपला हापूस मोठ्या प्रमाणात त्यांच्या हातून जातो. फवारणी ते करतात, रात्रभर राखण ते करतात, माकडं हाकलतात, आंबे उतरवायची घळ घेऊन झाडावर चढतात. राहतात बागेतल्याच खोपटात, अनेकदा बायकामुलांसकट. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकावरही अनेकदा नेपाळीच असतात. त्यांना आपण काय विचारतो? गाडी कुणाची, पाण्याचा टँकर आला का. वर्षानुवर्षं सगळ्यांना ‘बहादूर’ म्हणून हाक मारतो. चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. कामगारांची नोंद पोलीस ठाण्यात असावी हे बरोबरच. गैरीबासलाही वही होतीच. पण जौबारीत मला वहीच्या आधी चहा मिळाला. तेवढा मान बागेतल्या माणसाला द्यायला आपल्याला कुठला करार आडवा येतो?

अशा विचारपुशीला सवड नाही असं कुणी म्हणेल. सवड मलाही सुट्टीमुळे मिळाली. त्या दिदीला मात्र सुट्टी नव्हती. तिला लाकडं फोडायची होती, संध्याकाळच्या गटाचा स्वयंपाक होता. तरी ती बसली आणि तिने विचारलं.

बागेत आलेल्या कुटुंबांतली काही मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत बसतात. गुरुजींना त्यांची नावं पाठ असतात, कारण रोज हजेरी घ्यावी लागते. त्यांच्या आई-बापांची नोंद बागेच्या हिशेबात अजूनही बऱ्याच ठिकाणी ‘नेपाळी, चार’ एवढीच असते.