आज्ञा कोणाला, सांत्वन कोणाला

बायबल व्यवहारात उतरवले पाहिजे, हे वाक्य मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून हल्ली इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, त्याविषयी शंका काढणारा मनुष्य एक तर पाखंडी असला पाहिजे किंवा आळशी, असा ऐकणाराचा सहज ग्रह व्हावा. छत्रपती संभाजीनगरात छावणीपासून सिडकोपर्यंत कोणत्याही घरगुती प्रार्थनासभेत जाऊन बसले, तर ह्या उतरवण्याचा जो प्रकार दृष्टीस पडतो तो साधारणतः असा : कर्ज फिटेनासे झाले म्हणजे अमुक स्तोत्र, मुलाची परीक्षा जवळ आली म्हणजे यहोशवाचा पहिला अध्याय, सासूसुनांचे बिनसले म्हणजे नीतिसूत्रे, आणि जीभ आवरेनाशी झाली म्हणजे याकोबाचे पत्र. दिवस उजाडतो न उजाडतो तोच उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापलेले, मागचापुढचा संदर्भ छाटलेले एक वचन मोबाइलवर येते. हात जोडल्याची खूण उमटवून ते आणखी दहा जणांकडे रवाना होते, आणि बायबलचा व्यवहाराशी असलेला त्या दिवसापुरता संबंध तेथेच निकालात निघतो.

ही वचनप्रेमाची थट्टा आहे असे कोणी समजू नये. वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या एखाद्या बाईला तोंडपाठ असलेल्या स्तोत्राचा जो आधार वाटतो, त्याचे मोल ठरवण्याचा अधिकार कोणाही लेखकाला नाही. माझी तक्रार एवढीच की, व्यवहार जेथे खरोखर चालतो, म्हणजे मजुरी, व्याज, गहाण, वजनमाप आणि वाटणी ह्यांच्यापर्यंत, हे व्यवहारी बायबल सहसा पोहोचत नाही. धर्म ही खासगी बाब आहे असे मानणारांशी येथे वाद घालण्याचे कारण नाही. दुसऱ्याची मजुरी ही आपली खासगी बाब कशी, हे त्यांनी आधी सांगावे. तीन हजार वर्षांपूर्वीचे नियम आजच्या जीवनाला लागू पडत नाहीत म्हणणारे विद्वानही बाजूला ठेवू. मजुरी थकवण्याची कला त्याच काळात लोप पावली असा त्यांचा समज दिसतो. प्रश्न आहे तो ज्यांना बायबल मनापासून लागू करावयाचे आहे, त्यांचाच.

त्यांचे म्हणणे त्याच्या उत्तमातल्या उत्तम स्वरूपात मांडू. ते म्हणतात की, देवाचे वचन सर्वांसाठी आणि सर्वकाळ आहे. ते मुळात कोणाला उद्देशून होते ह्याची छाननी करणे हे सेमिनरीतल्या प्राध्यापकांचे काम असून, विश्वासणाऱ्याने ग्रंथ उघडावा, वाचावा आणि जे वाक्य अंतःकरणाला भिडेल ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजून त्याप्रमाणे चालावे. ते कसे लागू करावे हे पवित्र आत्मा त्याला दाखवील. ह्या भूमिकेत नम्रता आहे, सामान्य वाचकाविषयी आदर आहे, आणि पुरोहितशाहीला दिलेला नकारही आहे. म्हणूनच ती एका वाक्यात झटकून टाकता येत नाही. तरीही ती चुकीची आहे असे मला वाटते, आणि तिच्यामुळे आपल्या मंडळ्यांचे झालेले नुकसान, आपण मान्य करतो त्याहून पुष्कळच मोठे आहे.

नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय घेऊ. यरुशलेमाचा कोट बांधण्याच्या गौरवशाली कथेत मध्येच आल्यामुळे उपदेशक तो बहुधा ओलांडून जातात; पण मराठवाड्याच्या वाचकाने तो सावकाश वाचावा. दुष्काळ पडला आहे. लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली आहेत. कोणी राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढले आहे. मुलेमुली दास्यात गेली आहेत. आणि गहाण घेणारे परके नसून आपल्याच जातभाईंपैकी, आपल्याच देवाचे नाव घेणारे आहेत. नहेम्या हा इराणी बादशहाने नेमलेला तेथील सुभेदार. धीर धरा, खर्चाला आवर घाला, असे सांगून त्याला कर्जदारांची बोळवण करता आली असती. नीतिसूत्रांत अशा सल्ल्यांना तोटा नाही. तो ऋणकोंना काहीही सांगत नाही. तो धनकोंना जाहीर सभेत बोलावतो, आपण व आपले भाऊबंदही पैसे आणि धान्य उसने देत आहोत हे सर्वांसमक्ष बोलून दाखवतो, गहाण पडलेले सारे आणि त्यावरचा शेकडा एक आजच्या आज परत करा म्हणतो, आणि धनकोंनी होकार दिल्यावर तेवढ्यावर विसंबून न राहता याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेववतो. हा शेकडा एक बहुतेक भाष्यकार दरमहाचा मानतात.

आता आपल्याकडचा दर पाहावा. माझ्या माहितीतले एक निवृत्त गृहस्थ, मंडळीच्या कमिटीत ज्यांच्या शब्दाला वजन आहे आणि ज्यांचे स्तोत्रपाठांतर कोणालाही लाजवील असे आहे, गरजूंना शेकडा तीनने, आणि माणूस कच्चा वाटल्यास शेकडा पाचने पैसे देतात. अर्थात दरमहा, कोरा चेक आणि आधारकार्डाची झेरॉक्स ठेवून घेऊन. सावकारी परवान्यावाचून करता येत नाही असे महाराष्ट्राचा 2014 चा कायदा सांगतो, पण ‘ही सावकारी नव्हे, अडीनडीची मदत आहे,’ असे त्यांचे प्रामाणिक मत. एका रविवारी संध्याकाळी एक रिक्षावाला त्यांच्याकडे व्याज भरायला आला असताना मी तेथे होतो. त्यांनी नोटा मोजल्या, वहीत रक्कम मांडली, आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढचा हप्ता वेळेवर जमावा म्हणून प्रभूची प्रार्थना केली. ती प्रार्थना मनापासूनची होती ह्याबद्दल मला यत्किंचितही संशय नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण येथे दिले आहे. त्या गृहस्थांनी बायबल लागू केले होते. ते त्यांनी समोरच्या माणसाला लागू केले होते.

मला जो भेद सांगावयाचा आहे तो येथे आला. बायबलमध्ये आज्ञा आहेत आणि सांत्वने आहेत, आणि त्यांची वाटणी मनमानेल तशी झालेली नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याची मजुरी, जमीन, पांघरूण किंवा प्रतिष्ठा आहे त्याच्याकडे बहुतेक वेळा आज्ञा जाते. ज्याचे काही दुसऱ्याच्या हाती अडकले आहे त्याच्याकडे बहुतेक वेळा सांत्वन जाते. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी दे, जात्याची तळी गहाण ठेवून घेऊ नको, गरिबाचे पांघरूण रात्र होण्याआधी परत कर, शेताच्या कडा कापू नको आणि सरवा वेचणाऱ्यांसाठी राहू दे, हे अनुवादाच्या, निर्गमाच्या आणि लेवीयाच्या ग्रंथांतले नियम मालकाला आणि धनकोला सांगितलेले आहेत. आमोसाचा राग लहान मापाने देऊन जड वजनाने घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपास करणाऱ्यांवर ठेवलेला आरोप, उपासाच्याच दिवशी कामकऱ्यांना राबवून घेता असा आहे. आपल्या उपवास-प्रार्थनांतून तो अध्याय वाचला जातो खरा, पण त्यातला आशीर्वादाचा उत्तरार्धच पुष्कळदा वाट्याला येतो. उलट कष्टी आणि भाराक्रांत जनांना येशू बोलावतो तेव्हा त्यांना विसावा देऊ करतो.

आमच्या व्यवहारी बायबलाने ही वाटणी नेमकी उलटी केली आहे. ऋणकोला आज्ञा : धीर धर, कुरकुर करू नकोस, क्षमा कर. धनकोला सांत्वन : देव तुला आणखी देईल, तुझ्या कोठारांवर आशीर्वाद ठेवील. वचने सारी खरी. पत्ते मात्र बदललेले.

ह्यावर पहिला आक्षेप डोंगरावरील प्रवचनाचा येतो. दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा मार खाणाऱ्यालाच आहे. तेव्हा दुर्बलाकडे आज्ञा येत नाही असे कसे म्हणता? मी तसे म्हणत नाही. दुर्बलाला आलेली आज्ञा तो स्वतः पत्करू शकतो. पण ज्याने मारले, किंवा मार बसताना जो पाहत उभा राहिला, त्याला ती दुसऱ्यावर बजावण्याचा मुखत्यारपणा कोणी दिलेला नाही. शिवाय प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना शिपायाने चपराक मारली, तेव्हा येशूने का मारलेस म्हणून त्याला विचारले, अशी योहानाची साक्ष आहे. सहन करणे म्हणजे जाब न विचारणे, हा अर्थ आपण लावलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल दासांना आज्ञा पाळण्यास सांगतो, आणि ते वाक्य कितीही सौम्य केले तरी पुसले जात नाही. मी ते पुसू इच्छित नाही. मात्र त्यापाठोपाठ धन्यांना धमकावणे सोडण्याची ताकीद आहे, आणि हे पत्र ज्या मंडळीत वाचले गेले तेथे दास आणि धनी एकाच खोलीत बसून ऐकत होते. धन्याला काय फर्मावले आहे हे दासाच्या कानांवर पडत होते. आपल्या मंडळीत हे घडते काय? आणि पळालेल्या अनेसिमाच्या प्रकरणात तर पौलाचे पत्र धन्याच्या, फिलेमोनाच्या नावे आहे. दासाला काय उपदेश केला त्याचे कोणतेही दफ्तर नव्या करारात नाही.

तिसरे म्हणणे असे की, प्रत्येक मनुष्य कोणाचा तरी ऋणको आणि कोणाचा तरी धनको असतो, मग पत्ता ठरवावयाचा कसा? हे म्हणणे खरे आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या चाकराला दहा हजार तालांतांचे ऋण माफ झाले. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा ती माफी सहा कोटी दिवसांच्या मजुरीची झाली. तोच बाहेर पडून शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजासमोर तो ऋणको होता. दाराबाहेर तो धनको झाला, आणि त्याला शिक्षा झाली ती हा बदल न ओळखल्याबद्दल.

आपल्या इतिहासातही असाच एक बदल झाला आहे. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड रतनजी नौरोजी, जालन्यास आणि तेथल्या बेथेल वसाहतीत रेव्हरंड नारायण शेषाद्री, आणि पुढे गंगापूर-वैजापूरच्या खेड्यांतून कॅथलिक पाद्री ह्यांच्याकडून ज्यांनी हा ग्रंथ घेतला, ते बहुतांशी महार आणि मांग समाजांतले, भूमिहीन, गावकुसाबाहेरचे लोक होते. त्यांनी बायबल दुर्बलाच्या जागेवरून वाचले, आणि ते यथार्थ होते. त्यांच्या नातवंडांपैकी पुष्कळजण आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, निवृत्तिवेतन घेतात, सिडकोत घर बांधून वरचा मजला भाड्याने देतात. पण वाचन आजोबांचेच चालू आहे. वारस कब्जात आला, मात्र सातबाऱ्यावर फेरफार झालाच नाही, असा हा प्रकार आहे. ख्रिस्ती झालेल्या दलितांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले हा अन्याय मी विसरलेलो नाही. परंतु सरकारने आपले देणे बुडवले म्हणून धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे चार खाडे कापण्याचा आणि उरलेला पगार दहा तारखेपर्यंत लांबवण्याचा हक्क आपल्याला प्राप्त होत नाही. लेवीयाचा ग्रंथ मजुरी सकाळपर्यंतही ठेवून घेऊ देत नाही.

पत्ता ओळखून वाचणे म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंनी दाखवून ठेवले आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावच्या माळावर त्यांचे घर उभे राहिले. विधवेला सहनशीलतेची वचने सांगणारे त्या काळी सर्वच धर्मांत विपुल होते. विधवेचा कैवार घ्या ही संदेष्ट्यांची आज्ञा कोणावर लागू होते असे विचारून रमाबाईंनी ती स्वतःवर रुजू करून घेतली, आणि मग आणलेल्या मुलींना सांत्वन दिले. क्रम लक्षात घ्यावा. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबल त्यांच्या पश्चात 1924 मध्ये छापून पुरे झाले. त्याआधी त्यातली निदान एक आज्ञा अन्नवस्त्राच्या रूपाने केडगावात अमलात आलेली होती.

म्हणून माझी सूचना अगदी रुक्ष आहे. वचन लागू करण्यापूर्वी प्रत्येकाने दोन याद्या कराव्यात : माझे काय कोणाकडे अडकले आहे, आणि कोणाचे काय माझ्याकडे. पहिल्या यादीपुरते तुम्हांला सांत्वनावर पूर्ण हक्क आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. दुसऱ्या यादीपुरते मात्र सांत्वनाची वचने तहकूब ठेवावीत. तेथे आज्ञा वाचावी, आणि ती ज्याचे देणे आहे त्याच्या देखत वाचावी, म्हणजे पाळली की नाही हे ठरवणारा साक्षीदार आपल्या मर्जीतला उरणार नाही. इतके केल्यावर प्रार्थनासभांतली गर्दी कमी होईल असे कोणी म्हटले, तर मी ते नाकारणार नाही. नहेम्याच्या सभेतही धनको प्रथम निरुत्तरच झाले होते. ते परत करू म्हणाले ते त्यानंतर.